रस आंबण्यापूर्वी ओळखा : मोसंबीच्या रसातील यीस्ट व त्याची वर्णपट तपासणी

(गंगापूर येथे मोसंबी बागायतदार व फळप्रक्रिया गटांच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गंगापूर, पैठण आणि शेजारचा जालना जिल्हा हा मोसंबीचा पट्टा आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण बाजारात मोसंबीची प्रतवारी झाली की बारीक, डागाळलेल्या आणि फिक्या रंगाच्या फळांचे काय करायचे हा प्रश्न आपल्यापुढे दर बहाराला उभा राहतो. ही फळे मिळेल त्या भावाने द्यावी लागतात. म्हणूनच काही गावांतील तरुण आणि महिला बचत गट रस, स्क्वॅश आणि तयार पेये करण्याचा विचार करीत आहेत. विचार चांगला आहे. बारीक फळाचा रस मोठ्या फळाच्या रसाइतकाच गोड असू शकतो.

मात्र या धंद्यात एक शत्रू दबा धरून बसलेला असतो. बाटल्या भरल्या, लेबले लागली, माल दुकानात गेला आणि तीन आठवड्यांनी दुकानदाराचा निरोप आला की झाकणे उडू लागली आहेत, रसाला आंबूस वास येतो आहे. अशा वेळी एका घाण्याचा माल तर जातोच, पण गटाचे नावही जाते. नवीन गटाला असा एक फटकासुद्धा उठू देत नाही. हा शत्रू म्हणजे यीस्ट. ते कसे ओळखावे, त्यासाठी प्रकाशाचा उपयोग शास्त्रज्ञ कसा करतात आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. तिची एक पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहून लहान असते. ताडी, शिंदी फेसाळते ती यीस्टमुळेच आणि पाव फुगतो तोही यीस्टमुळेच. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कर्बवायू यांत रूपांतर करते. पावात हवे असलेले हे काम रसाच्या बाटलीत मात्र नको असते.

थोडा हिशेब करू. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल आणि पाव लिटर कर्बवायू तयार होतो. २०० मि.लि.च्या बाटलीत रसाच्या वर जेमतेम १० मि.लि. जागा मोकळी असते. त्यात पाव लिटर वायू कोंडला तर बाटली फुगणार किंवा फुटणार हे उघड आहे. आणि अशा बाटलीत साखर एक ग्रॅम नसते, पंधरा-वीस ग्रॅम असते.

दुसरा हिशेब वाढीचा. अनुकूल परिस्थितीत यीस्टच्या एका पेशीच्या दोन पेशी व्हायला सुमारे दोन तास लागतात असे धरू. २०० मि.लि. रसात एकच जिवंत पेशी राहिली आणि ती २८ वेळा दुप्पट झाली, तर पेशींची संख्या सुमारे २७ कोटी होते. म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १३ लाखांहून अधिक. रस डोळ्यांना गढूळ दिसायला मिलिलिटरमागे सुमारे दहा लाख पेशी लागतात. हा पल्ला गाठायला ५६ तास, म्हणजे अडीच दिवससुद्धा लागत नाहीत. परिरक्षक घातलेल्या रसात हीच वाढ आठवडे घेते. म्हणून आज स्वच्छ दिसणारी बाटली निर्दोष आहेच असे म्हणता येत नाही.

सर्व यीस्ट सारखे नसते

येथे आजच्या विषयाचे मर्म आहे. रस बिघडला की आपण सरसकट 'आंबला' म्हणतो आणि पुढच्या घाण्यात औषध वाढवतो. परंतु रस बिघडविणाऱ्या यीस्टच्या अनेक जाती आहेत आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी येतात.

पहिला प्रकार बागेतून येणाऱ्या यीस्टचा. हान्सेनियास्पोरा नावाचे यीस्ट पिकलेल्या, तडकलेल्या फळांवर सहज सापडते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, लिंबाच्या आकाराच्या दिसतात. हे यीस्ट उष्णतेने आणि परिरक्षकाने लवकर मरते. ते तयार मालात सापडले तर समजावे की फळांची निवड वा धुलाई नीट झालेली नाही आणि रस पुरेसा तापलेला नाही.

दुसरा प्रकार प्रक्रियेच्या जागेत मुक्काम ठोकणाऱ्या यीस्टचा. त्यात सर्वांत त्रासदायक जात म्हणजे झायगोसॅकरोमायसीस बेली. ही जात आम्ल सहन करते, साखर सहन करते आणि कायद्याने परवानगी असलेल्या मात्रेतील सोडियम बेंझोएटमध्येही वाढू शकते. सौम्य मात्रेशी तिची सवय झाली तर पुढे ती अधिक मात्राही सोसते. नळाच्या तोटीत, रबरी वायसरमध्ये, गाळण्याच्या कापडात, भरणी यंत्राच्या सांध्यात साखरेचा चिकटा राहिला की ती तेथे टिकून राहते. ती सावकाश वाढते, म्हणून तिचा प्रताप माल दुकानात गेल्यावर दिसतो. तिची जोडीदार झायगोसॅकरोमायसीस रौक्सी ही जात तर घट्ट पाक आणि आटवलेल्या रसातही वाढते.

आता पाहा, बाहेरून दोन्ही बाटल्या सारख्याच फुगलेल्या दिसतात. पण पहिल्या बाबतीत उपाय बागेत व धुलाईच्या टाकीवर करावयाचा आहे, तर दुसऱ्या बाबतीत यंत्र खोलून घासावयाचे आहे. ज्या यीस्टला बेंझोएट मानवते त्याच्यावर आणखी बेंझोएट ओतून पैसा जातो, कायदा मोडतो आणि रोग तसाच राहतो. म्हणून रसात यीस्ट आहे की नाही, एवढे कळून पुरत नाही. ते कोणते आहे हे कळले पाहिजे.

प्रकाशाने तपासणी : आपल्या ओळखीचेच तत्त्व

वर्णपट तपासणी हा शब्द मोठा वाटतो. पण तुमच्यापैकी ज्यांनी माती परीक्षण करून घेतले आहे, त्यांनी ही तपासणी आधीच वापरली आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली आणि पत्रिका घरोघर पोहोचल्या. त्या पत्रिकेतील उपलब्ध स्फुरदाचा आकडा कसा निघतो? मातीच्या अर्कात रसायने घालून निळा रंग आणतात. स्फुरद जितका जास्त तितका रंग गडद. त्या द्रावणातून ठराविक रंगाचा प्रकाश सोडून किती प्रकाश शोषला गेला ते मोजतात. पालाशासाठी अर्क ज्योतीत फवारून, ज्योतीतून निघणारा प्रकाश मोजतात. पदार्थ प्रकाशाशी कसा वागतो यावरून त्या पदार्थाची ओळख व मात्रा ठरविणे, हेच वर्णपटशास्त्र होय.

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापलीकडे अवरक्त किरण असतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली ते शोधून काढले. प्रत्येक पदार्थाचे रेणू ठराविक अवरक्त किरण शोषतात. प्रथिने एका ठिकाणी, मेद दुसऱ्या ठिकाणी, शर्करायुक्त संयुगे तिसऱ्या ठिकाणी. यीस्टच्या पेशीभित्तीत ग्लुकन आणि मॅनन ही संयुगे असतात. जातीजातीत त्यांचे, तसेच प्रथिनांचे व मेदांचे प्रमाण आणि ठेवण वेगळी असते. म्हणून प्रत्येक जातीचा अवरक्त आलेख थोडा वेगळा येतो. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखाच तो समजा.

सूक्ष्मजीव अशा रीतीने ओळखता येतात हे बर्लिन येथील नौमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून मांडले. पुढे १९९८ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी खाद्यपदार्थांतील यीस्टवर मोठे काम प्रसिद्ध केले. त्यांनी आधी ओळख पटलेल्या ३३२ यीस्ट वाणांच्या आलेखांचा संग्रह तयार केला. नंतर ७२२ अनोळखी नमुने नेहमीच्या पद्धतीने आणि अवरक्त आलेखाने असे दोन्ही प्रकारे तपासले. त्यापैकी ९७.५ टक्के नमुने आलेखावरून बरोबर ओळखले गेले. नेहमीच्या पद्धतीत कोणती साखर चालते, कोणती चालत नाही अशा अनेक चाचण्या लावून आठवडा-दोन आठवडे वाट पाहावी लागते. आलेख मात्र काही मिनिटांत निघतो.

आणखी एक पद्धत आपल्या देशाच्या अभिमानाची आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेल्या शोधावर ती आधारलेली आहे. या शोधासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो. त्यावरून रेणूंची ओळख पटते. अवरक्त तपासणीत पाण्याचा अडथळा फार होतो, रामन पद्धतीत तो कमी होतो. मात्र फळांच्या रसातील रंगद्रव्ये स्वतःच चमकतात आणि त्या चमकेत खरा संकेत झाकला जातो.

यंत्राच्या मर्यादा

रस थेट यंत्राखाली धरला आणि यीस्टचे नाव मिळाले, इतके हे सोपे नाही. मोसंबीच्या रसात सुमारे नव्वद टक्के पाणी असते आणि पाणी अवरक्त किरण जोराने शोषते. रसातील साखरेचा आलेख यीस्टच्या पेशीभित्तीच्या आलेखावरच येऊन बसतो. त्यामुळे पेशी रसातून वेगळ्या काढून स्वच्छ पाण्याने धुवाव्या लागतात, त्यांचा पातळ थर वाळवावा लागतो आणि मग आलेख काढावा लागतो. अशा थराला फार मोठ्या संख्येने पेशी लागतात. बाटलीत दहा-वीस पेशी असतील तर प्रथम त्या पोषक माध्यमावर एक-दोन दिवस वाढवाव्या लागतात.

दुसरी अडचण अशी की मेलेल्या पेशींचाही आलेख निघू शकतो. नीट तापविलेल्या रसात मृत पेशी असतीलच. त्यामुळे जिवंत पेशी आहेत का, हे वाढवून पाहणे टाळता येत नाही.

तिसरी गोष्ट संग्रहाची. अवरक्त वर्णपटमापी अनेक विद्यापीठांच्या रसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र विभागांत असतो. पण तुलनेसाठी ओळखीच्या यीस्टचे आलेख नसतील तर नुसत्या यंत्राचा उपयोग नाही. ठसा घेतला, पण ताडून पाहायला दप्तरच नाही, अशी ती गत होईल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्यात यीस्टचे खात्रीचे वाण जतन केलेले असतात. अशा वाणांच्या आधारे आलेखसंग्रह तयार करता येतो. मराठवाड्यातील बागा आणि प्रक्रिया केंद्रे यांतील यीस्टचा असा संग्रह झाला तर आपल्या गटांना त्याचा प्रत्यक्ष लाभ होईल.

हे यंत्र लाखो रुपयांचे आहे. गावच्या गटाने ते घेण्याच्या भरीस पडू नये. ते प्रयोगशाळेचे काम आहे. बिघाड वारंवार होत असेल आणि कारण सापडत नसेल, तेव्हा न उघडलेल्या दोन-तीन फुगीर बाटल्या आणि त्याच घाण्याच्या दोन चांगल्या बाटल्या थंड पेटीत ठेवून प्रयोगशाळेत द्याव्यात. बाटलीवर घाण्याचा क्रमांक, भरल्याची तारीख, तापमान व परिरक्षकाची मात्रा लिहिलेली असावी. जात कळली की दोष कोठे आहे त्याचा माग लागतो.

गटाच्या पातळीवर करता येण्याजोगी तपासणी

१) साठवण चाचणी : प्रत्येक घाण्यातील काही बाटल्या २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात किमान दहा दिवस ठेवाव्यात. त्या रोज पाहाव्यात. बुडबुडे, तळाशी नवा साका, झाकणाचा फुगवटा किंवा आंबूस वास आढळल्यास तो घाणा विकू नये. सावकाश वाढणारे यीस्ट दहा दिवसांत दिसेलच असे नाही, म्हणून नमुन्याच्या काही बाटल्या महिनाभर राखून ठेवाव्यात.

२) सूक्ष्मदर्शक : कनिष्ठ महाविद्यालयात असतो तो चारशे पट मोठे दाखविणारा सूक्ष्मदर्शक यीस्ट पाहण्यास पुरेसा आहे. रसाच्या थेंबात मेथिलिन ब्ल्यू हा रंग मिसळला की मृत पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात. कोंब फुटलेल्या पेशी दिसल्या तर वाढ चालू आहे असे समजावे. पेशी लिंबाच्या आकाराच्या असतील तर संशय बागेकडे व धुलाईकडे जातो.

३) ब्रिक्स व सामू : भरताना आणि नंतर राखीव बाटल्यांचा ब्रिक्स मोजून नोंदवावा. तो घसरू लागला तर साखर कोणीतरी खात आहे. सामू मोजण्याचे कारण पुढे येते.

परिरक्षकाचा योग्य वापर

सोडियम बेंझोएटची परिणामकारकता रसाच्या सामूवर अवलंबून असते. सामू ३.२ असेल तर बेंझोएटचा सुमारे ९० टक्के भाग यीस्टविरुद्ध उपयोगी रूपात असतो. सामू ४.२ झाला की हा भाग निम्म्यावर येतो. मोसंबी चवीला गोड, म्हणजे लिंबाच्या मानाने बरीच कमी आंबट. म्हणून मोसंबीच्या स्क्वॅशमध्ये सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस घालून आंबटपणा वाढविणे हे चवीइतकेच टिकाऊपणासाठीही आवश्यक आहे.

१९५५ च्या फळ उत्पादने आदेशात स्क्वॅशसाठी सल्फर डायऑक्साईडची कमाल मर्यादा दशलक्ष भागांस ३५० आणि बेंझोइक आम्लाची ६०० अशी होती. तो आदेश आता राहिलेला नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहेत. आपल्या उत्पादनासाठी आजची मर्यादा नोंदणी किंवा परवाना घेताना विचारून घ्यावी आणि परिरक्षक तराजूवर तोलूनच घालावे. चिमटीने किंवा चमच्याने घालू नये. डाळिंबासारख्या रंगीत रसाला पोटॅशियम मेटाबायसल्फाईट वापरल्यास रंग उडतो, तेथे सोडियम बेंझोएट वापरतात.

बागेपासून बाटलीपर्यंत

यंत्र यीस्ट ओळखते, ते मारीत नाही. ती जबाबदारी आपली. आंबे बहाराची फळे पक्व होताना, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, रस शोषणारा पतंग रात्री फळाला छिद्र पाडतो. त्या छिद्रातून बुरशी व यीस्ट आत शिरते, फळ सडते आणि गळते. गळलेल्या फळांवर चिलटे जमतात आणि तीच यीस्ट पुढच्या फळांवर नेतात. म्हणून गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. पतंगाच्या अळ्या बांधावरील गुळवेल, वासनवेल यांवर वाढतात, तेव्हा बागेजवळील हे वेल काढावेत. रसासाठी फळ झाडावरून तोडलेलेच घ्यावे. बारीक फळ चालेल, डागाळलेली सालही चालेल, पण तडकलेले, छिद्र पडलेले वा मऊ झालेले फळ एकही घेऊ नये. टोपलीभर चांगल्या फळांत एक सडके फळ गेले तरी संपूर्ण रसात यीस्ट मिसळते.

फळे प्रथम स्वच्छ पाण्याने धुवावीत. नंतर लिटरला १०० मि.ग्रॅ. क्लोरीन असलेल्या पाण्यात काही मिनिटे बुडवून पुन्हा पिण्याच्या पाण्याने धुवावीत. चार टक्के क्लोरीनचे सोडियम हायपोक्लोराईट असेल तर लिटरला अडीच मि.लि. पुरते. रस काढताना बिया व पांढरी साल चिरडू नये. त्यातून उतरणाऱ्या लिमोनिनमुळे मोसंबीचा रस काही तासांनी, विशेषतः तापविल्यावर, कडू होतो.

रस ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच निर्जंतुक काचेच्या बाटल्यांत भरावा, झाकण लावून बाटली दोन-तीन मिनिटे उलटी ठेवावी, म्हणजे झाकणाची आतील बाजूही तापते. मग बाटल्या लवकर थंड कराव्यात. तापमापक नेमका वापरावा. 'हाताला चटका बसला' हे माप नव्हे.

काम संपताच, चिकटा वाळण्यापूर्वी, सर्व भांडी व यंत्रे धुवावीत. नळाच्या तोट्या, वायसर, भरणी यंत्राचे सांधे खोलून घासावेत आणि शेवटी ८० अंशांच्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत. गाळण्याचे कापड रोज उकळावे. फुगलेली बाटली प्रक्रियेच्या खोलीत उघडू नये, तिच्यातील यीस्ट तेथेच वस्ती करते. आणि विक्रीतून परत आलेला रस नवीन घाण्यात कधीही मिसळू नये. दोन-चार लिटर वाचविण्याच्या नादात संपूर्ण घाण्याला विरजण लागते.

बंधू-भगिनींनो, वाळूजची औद्योगिक वसाहत आपल्याच तालुक्यात आहे. शेजारी मोठे शहर आहे, हमरस्ते आहेत, म्हणजे बाजार दाराशी आहे. ग्राहक एकदा बाटली घेतो ती जाहिरातीवरून किंवा ओळखीवरून. दुसऱ्यांदा घेतो ती पहिली बाटली चांगली निघाली म्हणून. ही दुसरी बाटली विकली गेली तरच बारीक मोसंबीला भाव मिळेल. त्यासाठी प्रत्येक घाण्याची नोंद ठेवा, राखीव बाटल्या ठेवा आणि बिघाड झाला तर औषध वाढविण्याआधी बिघडविणारे यीस्ट कोणते ते विचारा. नमुना कोठे द्यावा याविषयी आपल्या भागातील कृषि विज्ञान केंद्र किंवा परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय यांच्याकडून मार्गदर्शन घ्यावे.